टाकी कोण पितंय?

दादाने आयुष्यभर बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलं काय, तर बस. डेपोने मोडीत काढलेली एक मिनीबस. तिच्या सीटा काढून त्याने पलंग, ओटा आणि दोन बर्नरची शेगडी बसवली आणि वहिनीला म्हणाला, चल, आता प्रवासी म्हणून बस. वहिनी तेव्हा मुलींच्या वसतिगृहातल्या स्वयंपाकघरातून नुकतीच मोकळी झाली होती. रोज दोनशे ताटं, तीस वर्षं. तिने आत डोकावून कपाटांच्या खिट्ट्या ओढून पाहिल्या आणि एवढंच विचारलं, "पातेली वाजतील का?" दादा म्हणाला, छे. पहिल्याच वळणावर वाजली. मग वहिनीने प्रत्येक दोन पातेल्यांमध्ये जुना टॉवेल कोंबला आणि संसार चाकांवर सुरू झाला.

चाकांवरच्या स्वयंपाकाची शिस्त वेगळी. गाडी निघण्याआधी सिलिंडर बंद, खिट्ट्या बंद, कुकर ओट्याखालच्या खणात. मुक्कामाला थांबलं की आधी शेगडीवर पाण्याने भरलेली वाटी ठेवायची. पाणी एका काठाला चढलं, तर गाडी कललेली आहे. मग दादाने खाली उतरून चाकाखाली फळी सरकवायची. वाटी सरळ झाल्याशिवाय वहिनी काडी ओढत नसे. नाहीतर तेल एका कोपऱ्यात जमतं आणि ऑम्लेट एकीकडे उशी, दुसरीकडे चादर होतं.

दीड वर्ष असं छान चाललं. मग थंडीत वहिनीला ताप आला. तीन आठवड्यांनी तो गेला, पण जाताना तिची चव आणि वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाही येणार. वाट पाहा. वहिनी वाट पाहत बसली. जिभेवर कापूस ठेवल्यासारखं वाटतं, म्हणायची. हळूहळू तो कापूस सगळीकडेच पसरला असावा. समुद्रासमोर गाडी लावली तरी ती समुद्राकडे भिंतीकडे पाहावं तशी पाहायची. रडली नाही, चिडली नाही. एकदा शेजारी बसलेली असताना दूध करपून काळं झालं, तेव्हा उठली, गॅस बंद केला आणि पुन्हा तिथेच बसली.

स्वयंपाक मात्र तिने सोडला नाही. अडचण मिठाची होती. दोनशे पोरींचं मीठ तिला वाटीने ठाऊक होतं. दोघांचं मात्र ती जिभेवर ठरवायची. ते काम आता दादाकडे आलं. रोज चमचाभर रस्सा त्याच्यापुढे धरून ती विचारायची, "मीठ?"

आता दादा हा असा माणूस, की अडतीस वर्षांत त्याने जेवणाला "छान" याखेरीज दुसरा शब्द वापरलेला नाही. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात वहिनीने चुकून भातात मीठच घातलं नव्हतं, तेव्हाही छान. असा माणूस चव सांगायला बसवणं म्हणजे झोपाळू माणसाला रखवालीला ठेवणं. तो म्हणायचा, "छान."

मी चार दिवसांसाठी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा पहिल्याच घासाला मिठाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दादाने टेबलाखालून माझा पाय दाबला. मी छान म्हणालो आणि चार पेले पाणी प्यायलो. दादा पाच प्यायला. नंतर नळावर कॅन भरताना मी त्याला म्हणालो, अरे, सांग की तिला. तो कॅनकडे बघत म्हणाला की तिच्याकडे एवढंच उरलंय, त्यातही खोट काढायची का?

दोन दिवसांनी सकाळी वहिनी ओट्यापाशी उभी होती. पाण्याच्या टाकीला एक पारदर्शक नळी होती, आत पाणी किती ते दाखवणारी. वहिनी तिच्याकडे बघत होती.

"टाकी कोण पितंय?" तिने विचारलं.

दादा म्हणाला, भाऊ आलाय ना, पाणी जास्त लागणारच.

"भावजी परवा आले. चाळीस लिटर आपल्याला चार दिवस जायचे. महिनाभर तीन दिवसांत संपतायत." आवाज चढला नाही. वसतिगृहात कमी आलेल्या दुधाच्या पिशव्या मोजायची, तसा होता. "मी काय घालते भाजीत, आणि तुम्ही मला काय सांगता?"

दादा वाकून नळी निरखू लागला. मीही खिडकीबाहेर अत्यंत महत्त्वाचं काहीतरी पाहू लागलो.

वहिनी म्हणाली, आज शेवटचा रस्सा करते. आज खरं सांगितलंत तर ठीक. नाहीतर गाडी घराकडे वळवा, आणि यापुढे शेगडीला मी हात लावणार नाही. एवढं बोलून ती बटाटे चिरायला बसली, कुणा तिसऱ्याबद्दल बोलल्यासारखी.

अर्ध्या तासाने बटाटा-वाटाण्याच्या रश्श्याचा चमचा पुढे आला. "मीठ?"

दादाने घोट घेतला. घाटात ब्रेक लागत नसल्यासारखा त्याचा चेहरा झाला.  मग म्हणाला, "खारट आहे."

वहिनी हलली नाही.

"फार खारट आहे," दादा म्हणाला, आणि एकदा सुटल्यावर त्याला थांबता येईना. "आणि बटाटा मध्ये कच्चा आहे. कांदा करपलाय."

"आणखी?"

"वाटाणे मला आवडत नाहीत."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

वहिनीने चमचा खाली ठेवला. अडतीस वर्षांचे वाटाणे तिच्या डोळ्यांपुढून गेले असणार. तोंडावर मात्र काही दिसलं नाही. तिने विचारलं, "कांदा सगळा करपलाय, की एका बाजूचा?"

दादाने रस्सा चमच्याने सारून कढईच्या तळाला चिकटलेला कांदा पाहिला. "दाराकडचा."

तिने वाटीत पाणी भरून दुसऱ्या बर्नरवर ठेवली. पाणी दाराच्या विरुद्ध काठाला चढलं. तेल तिकडे गेलं होतं, दाराकडचा कांदा कोरडाच भाजला होता. तापानंतर वाटी ठेवायचं वहिनीने सोडलं होतं, आणि काल मुक्कामाला पोचल्यावर, गप्पांच्या नादात, दादा फळी लावायला विसरला होता.

"हा कांदा तुमचा," वहिनी म्हणाली. "मीठ माझं."

तिने सिलिंडर बंद केला आणि दादा मुकाट्याने खाली उतरला. फळी सरकवल्याचा आवाज आला, मग गाडी सुरू होऊन हातभर पुढे गेली आणि थांबली. वहिनी वाटीवर नजर ठेवून आतून सांगत होती, अजून थोडं, अजून, बस.

रश्श्यात तिने दोन पेले पाणी आणि आणखी तीन बटाटे घातले. वाटाणे चमच्याने एकेक वेचून माझ्या ताटलीत टाकले. मग पुन्हा चमचा धरला.

"अजून किंचित खारट," दादा म्हणाला.

"किंचित म्हणजे किती?"

"एका बटाट्याइतकं."

तिने आणखी एक बटाटा सोलायला घेतला. चव अजून आलेली नाही. गाडी पुढेच निघाली, आणि टाकी आता चार दिवस पुरते.