मेंढीच्या कानातली हिरवी लोकर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पुण्यातल्या आईला नाही. तुम्हाला का सांगतेय, ते मलाही नीट कळत नाही — पण सांगते.

नेदरलँड्समध्ये, द हेगमधल्या एका छोट्या संग्रहालयात मी जुन्या कापडांच्या दुरुस्तीचं काम करते. आल्मेरेला राहते, तिथून रोज ट्रेनने जाते. संग्रहालयात एक टॅपेस्ट्री आहे, भिंतीवर टांगायचं विणलेलं चित्र. पाचेकशे वर्षांपूर्वी फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियममध्ये, कुणीतरी लोकर आणि रेशमाने येशूचा जन्म विणला. गोठा, मेरी, मेंढपाळ आणि खालच्या कोपऱ्यात मान वळवून बघणारी एक मेंढी. दुसऱ्या महायुद्धानंतर एका व्यापाऱ्याकडून संग्रहालयाने ती विकत घेतली. त्याने ती कुठून आणली, हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

ती स्वच्छ करायचं काम माझ्याकडे आलं आणि मी तिच्यात गुंतले. मागचं अस्तर उसवलं आणि बघतच राहिले. पुढून सगळं विटलेलं, मागे मात्र निळा अजून निळा होता. मेंढीच्या कानाशी एक रफू होतं. जाड, हिरव्या लोकरीचं, घरगुती हाताचं. पुढून कुणीतरी त्यावर तपकिरी रंग लावून ते झाकलं होतं. मी ते पाहिलं — नोंद करायची तेवढी राहिली होती.

मग हेनी आल्या. ऐंशी ओलांडलेल्या, मुलीचा हात धरून. त्या ज्यू. त्यांनी टॅपेस्ट्रीचा फोटो पेपरात पाहिला होता. ती त्यांच्या जेवणघरात होती, युद्धात नाझींनी घर लुटलं तेव्हा गेली, असं त्यांचं म्हणणं. पुरावा काय? आठवण.

"लहानपणी मी कात्रीने त्या मेंढीचा कान कापला होता," त्या म्हणाल्या. "आईने माझ्या स्वेटरच्या उरलेल्या लोकरीने रफू केला. हिरव्या."

आमच्या विभागप्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. "सुजाता, मागची बाजू तूच बघितलीस. असं काही आहे?"

"नाही," मी म्हणाले.

इतकं सोपं होतं ते. कुणाचा दबाव नव्हता, नोकरी जाणार नव्हती. हो म्हटलं असतं तर टॅपेस्ट्री त्यांच्याकडे गेली असती — माझ्या हातातून. मला ती माझी वाटायला लागली होती. दुसऱ्या कुणाच्या आईने रफू केलेली वस्तू — माझी?

हेनींनी मुलीचा हात पुन्हा धरला. मग म्हणाल्या, "मला चुकीचं आठवत असेल. तो स्वेटर तरी होता की नाही, कोण जाणे."

तेव्हाही बोलता आलं असतं. बोलले का? त्यांना कोट घालायला मदत केली, दार उघडून धरलं.

त्याच दुपारी मी चिमट्याने ती हिरवी लोकर टाका टाका करून काढली. कुणी तपासायला आलं तर दिसायला नको म्हणून. त्या जागी जुळणारी तपकिरी लोकर भरली. काढलेली लोकर कचऱ्यात टाकली. नवं अस्तरही मीच शिवलं, सुबक शिवलं. सगळ्यांनी कौतुक केलं, आणि ते मी घेतलं.

टॅपेस्ट्री अजून आमच्याकडेच आहे. आता सांगूनही काही सिद्ध होणार नाही, त्याची सोय मीच करून ठेवली.

काही वर्षांनी हेनींची मुलगी एकटीच आली. आई गेली, म्हणाली. बराच वेळ मेंढीसमोर उभी राहिली. मला तिने ओळखलं. आम्ही खाली कॅफेत बसलो.

"तुमच्याकडून गेल्यावर आईने त्या घराबद्दल बोलणंच सोडलं," ती म्हणाली. "आजीचा एकही फोटो उरलेला नाही. आईला जे आठवायचं, तेवढीच आजी आमच्याकडे होती. शेवटी शेवटी म्हणायची, मी सगळं मनानेच रचलं असेल."

मी तिच्यासाठी कॉफी आणली. साखर हवी का, ते विचारलं. दुसरं काही बोलले नाही.