बन्सी रंगाऱ्याच्या भिंतीवरची काच

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत बन्सी रंगारी माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचा. दुसऱ्याचं घर रंगवायला हा माणूस दिवाळी उलटून जाईपर्यंत लावायचा. पण स्वतःच्या घरावर भीमजयंतीआधी नवा हात फिरला नाही, असं एकही साल गेलं नाही.

मी म्हणायचो, "बन्सीभाऊ, दरसाल एक थर चढवताय. पुढं घरात माणसं मावायची नाईत."

तो ब्रश झटकून म्हणायचा, "आप्पाराव, तुमच्या घरात तुमच्या जिभेनं जागा खाल्ली. आमच्यात रंगानं खाऊ द्या."

आतून मालनवहिनींचं हसू ऐकू यायचं.

मग भुयारी रेल्वेचं स्टेशन आमच्या चौकाखाली येणार असं ठरलं. नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या शहरात दर दहा मिनिटांनी रेल्वे येणार, म्हणून आम्ही लई हसून घेतलं. रस्त्याला पत्रे ठोकले, आत खड्डा खोल होत गेला, आणि घराघरांत फळीवरचे कप किणकिणायला लागले. बन्सीच्या पुढच्या खोलीत, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना लागूनच, भिंतीला तिरपी चीर गेली.

ठेकेदाराकडच्या विशाखा मॅडम आल्या. इंजिनिअर, वयानं सुदर्शनच्या बरोबरीच्या. सुदर्शन म्हणजे बन्सीचा पोरगा, बायकोपोरांसह बजाजनगरला राहणारा. मॅडमनी चिरेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली, दोन्ही टोकं दोन्हीकडच्या भिंतीला.

"भिंत हलली तर ही तडकेल. तडकली की लगेच फोन करा, त्याच दिवशी तुम्हाला दुसरीकडं हलवू. तोवर हिला हात लावायचा नाही."

"अन् नाय तडकली तर?" वहिनींनी विचारलं.

"तर निवांत राहा."

वहिनींचं शिलाई मशीन त्याच भिंतीशी, खिडकीच्या उजेडाला. त्या निवांत कसल्या राहतात. पाय मशीनवर अन् डोळे काचेवर. माझ्याही घरात तशीच एक काच बसली होती, पण माझी बायको तिच्यात बघून टिकली लावायची.

जयंती जवळ आली. त्या दिवशी पांढरे कपडे घालून अख्खी गल्ली बन्सीकडं खिरीला जाते. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी फाटकी भिंत ठेवून लोकांना घरात घ्यायचं हे त्याच्यानं होईना. त्यानं पुट्टीच्या पात्यानं काच अलगद सोडवली, चीर खरवडून बुजवली, दोन हात रंग दिला आणि काच होती तिथंच परत चिकटवली. खीर खाताना सगळ्यांनी भिंतीचं कौतुक केलं. काच आता भिंतीवर नाही, नुसत्या नव्या रंगावर बसलीय, हे एवढ्या माणसांत एकाच्याही ध्यानात आलं नाही.

जयंतीनंतर माझी काच तडकली. आम्हाला भाड्याच्या खोलीत हलवायला टेम्पो आला, तेव्हा वहिनींनी मला बोलावून आपलं दार दाखवलं.

"भावजी, हे चौकटीत बसंना झालंय. मला भ्या वाटतं. ह्यांना म्हणलं, चार दिवस सुदर्शनकडं जाऊ."

"लाकूड हाय. फुगतं," बन्सी म्हणाला.

"चैत्रात?"

बन्सीनं काचेवर बोट ठेवलं. "अख्खी हाय का नाय? तडकली की जाऊ. इंजिनिअर बाईपेक्षा तुला जास्ती कळतं व्हय?"

आपल्याच हातानं उचलून लावलेल्या काचेवर त्याचा असा भरवसा बसला होता. मॅडमही येऊन गेल्या. नवा रंग त्यांना दिसला असणारच. त्यांनी काचेचा फोटो काढला आणि पुढच्या घरी गेल्या.

भिंत पडली ती भर दुपारी. बन्सी कुणाच्या तरी बंगल्याच्या कामावर होता. वहिनी मशीनवर होत्या. आम्ही विटा उपसल्या, पण दवाखान्यात नेईपर्यंत त्यांच्यात काही उरलं नव्हतं. ढिगाऱ्यात रंगाचा पापुद्रा सालीसारखा सुटून आला होता आणि त्याच्यावर ती काच, धड. कामावरून धावत आलेला बन्सी ती पाहिल्यावर खाली बसला. त्याला कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

चौकशी पत्र्यांच्या आतल्या केबिनमध्ये झाली. शेजारी म्हणून मीही गेलो. बाहेर सुदर्शननं बापाचा दंड धरला. "काचेला हात लावला नाय, एवढंच बोला. नायतर आईचं मरण तुमच्याच माथी मारतील अन् हे सगळे मोकळे सुटतील."

बन्सीनं मान हलवली.

आत चौकशीला आलेल्या साहेबानं विचारलं, "जयंतीत रंग दिला, तेव्हा काच कुणी काढली होती?"

विशाखा मॅडम कोपऱ्यात उभ्या होत्या. हातातलं हेल्मेट नुसतं फिरवत होत्या.

"मी काढली," बन्सी म्हणाला. "मीच लावली. ती निघू म्हणत व्हती, तर तिला काच दाखवत राहिलो."

"बाबा," सुदर्शन म्हणाला.

"ह्या पोरीनं हात लावू नका म्हणून सांगितलं व्हतं. लिहा तसं."

साहेबानं लिहून घेतलं. नवा रंग बघूनही तुम्ही गप्प का राहिलात, हे मॅडमना कुणी विचारलं नाही. सुदर्शन बाहेर आला, गाडीला किक मारली आणि बापाकडं न बघता बजाजनगरच्या रस्त्याला लागला.

बन्सी माझ्या स्कूटरवर मागं बसला. मी गाडी चालू केली.

"कुठं सोडू, भाऊ?"

चौकापर्यंत गेलो, सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी त्याला सांगता येईना.