खळ्यावरचा रेडिओ

तारापूरजवळच्या एका कोळीवाड्यात मी शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा साठचं दशक अर्धं सरलं होतं. मी घाटावरची. मासळीचा वास सोसेना म्हणून पहिला आठवडा पदर नाकाला लावून शिकवलं आणि मुलं मला बघून खुशाल हसत राहिली. शेजारी वीज केंद्र उभं राहत होतं, आमच्या वाडीत मात्र कंदील होते. पण गावाला सरकारी रेडिओ मिळाला होता आणि त्याचा तोरा काय वर्णावा.

रेडिओ चावडीत, लाकडी पेटीत, कुलूपबंद. किल्ली सरपंचांच्या करदोट्याला. मंत्र्यांचं भाषण असलं की सरपंच कर्णा जोडत, म्हणजे समुद्रावरच्या होड्यांनाही ते ऐकू जावं. बाकी वेळी बॅटरी संपते, असं त्यांचं पालुपद. बॅटरी सरकारच देत असे, हे मी एकदा त्यांना सुनावलं, तर म्हणाले, "बाई, तुमी मुलांना पाडे शिकवा." मला त्या माणसाचा तेव्हापासून राग होता, तो मी लपवलाही नाही.

संध्याकाळी हवामानाचा अंदाज लागे. तो ते एकटेच ऐकत, आवाज बारीक करून, कान पेटीला लावून. सुक्या मासळीचा व्यापार त्यांचाच होता, हे इथे सांगायला हवं.

मी जिच्याकडे राहायचे ती मावशी विधवा होती. तिचे बोंबील खळ्यावर, म्हणजे मासळी सुकवायच्या मोकळ्या जागेवर, बांबूंच्या आडव्या काठ्यांना टांगलेले असत. त्या मोसमाच्या बोंबलांवर तिला मुलीला पालघरच्या शाळेत ठेवायचं होतं. मुलगी हुशार होती, माझ्याच हाताखाली चौथी पास झालेली आणि पुढची शाळा नाही म्हणून घरी बसलेली. मावशीपेक्षा मलाच जास्त घाई झाली होती.

खळ्याचा एक कायदा होता. ज्या बाईला आभाळ आधी दिसेल तिने हाक द्यायची आणि हाक आली की सगळ्यांनी सगळ्यांचे बोंबील काढायचे. जिच्याशी बोलणं बंद आहे तिचेसुद्धा, आणि तिचे आधी. आभाळ बघून गप्प बसणं हे त्या बायकांच्या लेखी चोरीपेक्षा वाईट होतं.

दिवाळीनंतर एका पहाटे अवेळी पाऊस आला आणि सगळ्यांना झोपेत गाठून गेला. उजाडल्यावर खळ्यावर गेलो तर बोंबील भिजून लोंबत होते. मावशी काठी धरून नुसती उभी राहिली. मला रडू आलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की सरपंचांच्या काठ्या रिकाम्या आहेत. त्यांच्या बायकोने आदल्या संध्याकाळीच माल घरात नेला होता.

त्याच संध्याकाळी मंत्र्यांचं भाषण होतं. कर्णा लागला, पुरुष चावडीत बसले. बायका चावडीची पायरी चढत नसत, त्या दिवशी चढल्या. मला वाटलं आता सरपंचांची खैर नाही. पण मावशीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आमच्या मागोमाग आलेल्या त्यांच्या बायकोसमोर ती जाऊन उभी राहिली.

"वयनी, तुला आभाळ दिसलं व्हतं. तू हाक का नाय दिली?"

सरपंच मध्येच म्हणाले, आभाळ कुठलं, संध्याकाळी तर निरभ्र होतं. मावशी म्हणाली, रेडिओला दिसलं होतं ना. रेडिओ गावाचा, म्हणजे ते आभाळही गावाचं. एवढी सरळ गोष्ट मी पुस्तकं वाचून आजवर मांडू शकले नव्हते.

सरपंचांच्या बायकोने मान खाली घातली. "यांनी मना बजावलं, कोणाला बोलू नको," ती म्हणाली. "मी खल्यावर वाढले. मी बोलाया पायजे व्हतं." मग भर चावडीत तिने नवऱ्यापुढे हात केला. करदोट्याची किल्ली काढायला त्यांना फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवसापासून रेडिओ खळ्याकडेच्या शाळेच्या ओट्यावर आला. किल्ली बायकांकडे पाळीपाळीने फिरे. अंदाजातली ती जडशीळ भाषा मी सोपी करून सांगे. हळूहळू बायका बातम्याही ऐकू लागल्या आणि बोंबील टांगता टांगता मंत्र्यांची हजेरी घेऊ लागल्या. सरपंच सुरुवातीला फुरंगटून घरी बसले. पण भाषणाची ओढ सुटेना, तेव्हा तेही येऊन ओट्याच्या कडेला टेकायला लागले.

माघात मावशीच्या काठ्या पुन्हा भरल्या होत्या. पालघरला जायचं तर एवढाच माल हाताशी होता. एका संध्याकाळी अंदाज लागला, किनाऱ्यालगत पाऊस. माझं सांगून व्हायच्या आत सरपंचांची बायको उठली आणि तिने अशी हाक दिली की पार बंदरावरची माणसं धावत आली. ती स्वतः धावली मावशीच्या काठ्यांकडे. सरपंच क्षणभर रेडिओजवळ घुटमळले, कारण मंत्र्यांचं भाषण सुरू झालं होतं. मग धोतर खोचून तेही निघाले.

मुलींना शिकवलं पाहिजे, असं मंत्री कळकळीने सांगत होते. ओट्यावर ऐकायला कुणीच नव्हतं. सगळं गाव खळ्यावर मावशीचे बोंबील काढत होतं, आणि सगळ्यात मोठी टोपली सरपंचांच्या डोक्यावर होती.