ग्लेनिसचा वाकडा किल्ला

ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोच्या लिंडसे पास्कोचा चेहरा त्याच्या प्रेक्षकांनी कधी पाहिलाच नव्हता. त्याच्या व्हिडिओंत दिसायचे ते नुसते हात. ट्रामच्या कारखान्यात जन्म घालवलेले, जाडजूड, तरी नखाएवढा ठोकळा अलगद बसवणारे. ड्रॅगन, चेटकिणींचे मनोरे असले जादूनगरीतल्या ठोकळ्यांचे संच तो जोडायचा आणि मग त्यांची चिरफाड करायचा. "शेपटी ढिली आहे. पंखांचा रंग खोक्यावर एक, आत दुसरा. दहापैकी सहा." साठी उलटलेला माणूस, पण निकाल देताना अगदी न्यायाधीशाचा आव.

त्याची बायको ग्लेनिस त्याची यथेच्छ टिंगल करायची. पण आजारपणात तिचं बाहेर जाणं बंद झालं, तशी तीही उरलेसुरले ठोकळे घेऊन बसू लागली. पुस्तिका नाही, नकाशा नाही. खिडकीत तिचा किल्ला उभा राहू लागला. एक बुरूज गुलाबी, एक हिरवा, भिंत बाहेर झुकलेली.

"याचं परीक्षण कर की," ती म्हणायची.

"कशाचं? याला खोकंसुद्धा नाही! आणि भिंत पडणार बघ ती."

"पडू दे. माझी आहे. तू तुझ्या शेपट्या मोज."

"पुरा तर कर आधी. मग बघू."

पुरा करायला ती उरली नाही.

दफनविधीनंतर लिंडसे काही दिवस बहिणीकडे बॅलरॅटला राहिला. तिथे त्याने एकच गोष्ट मनाशी धरली, घरी जाऊन ग्लेनिसचा किल्ला तिच्याच पद्धतीने पुरा करायचा. बाकी कशातच जीव रमत नव्हता.

या छंदवाल्यांची एक रीत आहे. कुणावर आभाळ कोसळलं की शेजारीपाजारी लझानियासारखं तयार जेवण आणून देतात. हे लोक मिसळलेले ठोकळे निवडून देतात. तेवढं कंटाळवाणं काम दुःखात कुणाच्यानं होत नाही. लिंडसेच्या घराची किल्ली या छंदवाल्यांच्या मंडळातल्या मार्सीकडे होतीच. तो परतला तेव्हा ती दारातच उभी होती.

"ये, बघ! सगळं रंगवार लावलंय. पुस्तिकावाल्या संचांना हात लावला नाही हं. खिडकीतला तो सुटा ढीग तेवढा मोडून निवडला. काय घट्ट बसवले होते मेले! अंगठे सोलून निघाले."

खिडकी स्वच्छ पुसलेली होती. लिंडसेला ओरडावंसं वाटलं. पण मार्सीच्या दोन्ही अंगठ्यांना पट्ट्या होत्या, आणि ती कौतुकाची वाट बघत होती.

"फार कष्ट घेतलेस गं," तो म्हणाला.

ती गेल्यावर त्याने ठोकळ्यांचे खण उपसले. डावा बुरूज गुलाबी होता की उजवा? दार कुठे होतं? होतं तरी का? परक्या ड्रॅगनांचा जोड न् जोड त्याला तोंडपाठ, आणि तिच्या किल्ल्याचा साधा फोटो नाही. काढावासाच वाटला नव्हता, ही खरी बोचणी.

कुठल्या तरी व्हिडिओत मागे कोपरा दिसेल म्हणून तो आपलेच जुने व्हिडिओ बघत बसला. सगळीकडे मागे करडा पडदा. प्रेक्षकांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून त्यानेच लावलेला. एका ठिकाणी हात मध्येच एका जागेवरून एकदम दुसरीकडे उडाले. तो थांबला, मागे गेला, पुन्हा बघितलं. ही कात्री त्याचीच. मध्ये ग्लेनिस काहीतरी बोलली की तो तेवढा तुकडा काढून टाकायचा.

काय म्हणाली होती ती, ते त्याला काही केल्या आठवेना.