चिखलाचे हात आणि स्पीकर

परवा तिरोड्याहून गोंदियाला बसने येत होते. पुढच्या सीटवरची एक बाई स्पीकर लावून माहेरी बोलत होती. तिच्या आईकडे भाजी कोणती शिजली ते कंडक्टरलाही कळलं. माझी नात चिडली. आजी, तू सांग ना तिला, म्हणून मला कोपराने ढोसत राहिली. मी त्या बाईचे हात पाहिले. कोरडे, स्वच्छ. मग कायले लागते स्पीकर? आमच्याकडे निदान चिखलाचं निमित्त होतं.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. माझं वय पन्नाशीचं आणि अक्कल पंधराची.

रोवणीचे दिवस होते. बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, दहा-बारा बाया एका ओळीत वाकून, मागे मागे सरकत धान लावायचो. माझ्या उजव्या हाताला माझी मोठी जाऊ, माझ्या मुलाची मोठ्याई. तिच्या गळ्यात दोरी, दोरीला प्लास्टिकची पन्नी, पन्नीत मोबाईल. तिचा मुलगा पुण्याहून रोज दहाच्या सुमारास फोन करायचा. कोपरापर्यंत चिखल, फोन कानाला लावणार कसा? मग रोपांच्या पेंढ्या आणून देणाऱ्या बाईला ती हाक मारायची. ती बाई पदराला हात पुसून पन्नीवरूनच बटण दाबायची, स्पीकर लावायची. आमचं गाणं चालू असलं तर ते बंद. आई, चहा घेतला का, आई, कंबर दुखते का, हे साऱ्या बांधीने ऐकायचं. जावेची उत्तरं मुलाला कमी आणि आम्हाला जास्त.

माझा मुलगा नागपूरला. रविवारी फोन करायचा, बापाशी पाण्यापावसाचं बोलायचा, मला दोन वाक्यं. मी नुसती जळत होते. तिची रेंज गेली की मला बरं वाटायचं. पुण्यावरून "आई" ऐकू आलं की मी मुद्दाम खोकायचे. इतकी खोकले की एका बाईने मला दवाखान्यात जायला सांगितलं.

शेवटी रविवारी मुलाला बजावलं, उद्या दहाला फोन कर. काम काय, म्हणाला. काम असलं तरच आईला फोन करतात का, म्हटलं.

सोमवारी दुधाची रिकामी पिशवी धुऊन तिच्यात मोबाईल घातला आणि गळ्यात अडकवून बांधीत उतरले. दहा वाजत आले तशी माझी ओळ वाकडी व्हायला लागली. फोन वाजला. मी नवरीसारखी मान वर केली. पेंढ्यावाल्या बाईने स्पीकर लावला आणि ती पुढच्या पेंढ्या आणायला शेताच्या कडेच्या धुऱ्याकडे निघून गेली.

"आई, काऊन फोन कर म्हणत होती? बाबा सांगून राहिले, मोठ्याईच्या फोनावर तू आठ दिवसापासून जळून राहिली. खरं का?"

फोन माझ्याच छातीवर आणि दोन्ही हात चिखलात. बंद करू तर कसा? तो आपला विचारतोय, हॅलो, ऐकून राहिली ना? साऱ्या बाया ऐकून राहिल्या होत्या. हसता हसता एकजण चिखलातच बसली.

जाऊ हसली नाही. ती पाटाच्या पाण्यात हात धुऊन आली. स्पीकर बंद केला, मोबाईल पिशवीतून काढला आणि माझ्या कानाला धरला.

"बोल आधी," ती म्हणाली. "पोरगा वाट पाहून राहिला."

मी काय बोलले ते आठवत नाही. तो खूप वेळ बोलत होता एवढं आठवतं. एरवी कधी इतका बोलला नव्हता. आणि जाऊ तेवढा वेळ दुसरीकडे तोंड करून, हात न हलवता उभी होती. तेव्हाही माझ्या मनात आलं ते हेच, की हिला हेही माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

दुसऱ्या दिवशी दहाला तिचा फोन वाजला. तिने कोणालाच हाक मारली नाही. हात धुतले, धुऱ्यावर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसली आणि हळू आवाजात बोलली. मध्येच एकदा हसली.

तिचा मुलगा काय म्हणाला ते मला कळलंच नाही. सकाळभर मी पहिल्यापेक्षा जास्त जळत होते.