रविवारची खानावळ

तरुणपणी मला नागपूरच्या शाळेत नोकरी लागली होती. तिथं खाडीचा जिताडा मासा मिळायचा नाही म्हणून मी शहाणी गेलेच नाही, आणि लग्न करून पडले पेणच्या माळकरी घरात!

आमची वरच्या खोलीतली भाडेकरू पोर तशी खुळी नव्हे. तिची रोह्याची कंपनी बंद होतेय, तीन शहरांतून नोकरीचं बोलावणं आलंय. दर रविवारी ती एका शहरात जायची, खानावळीत एकटी जेवायची आणि येऊन नुसती मान हलवायची. पुणं नाही. नाशिक नाही.

"शहर बघतेस की नवरा गो?" मी चिडवायची. ती गालातल्या गालात हसायची.

काल कोल्हापूरहून आली ती बॅगच भरायला बसली.

"जेवण एवढं आवडलं?"

"बेताचंच होतं, आजी. पण 'एकट्याच का?' असं कुणी विचारलं नाय. 'तिखट चालतंय न्हवं?' एवढंच विचारलं."