संबंधितांनी वेळीच थांबावे

अनंत मायदेव या माणसावर माझा पहिल्यापासून संशय होता. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, एकमेकांच्या उत्तरपत्रिकेत डोकावणारी मुलं पकडली. त्यामुळे कोण नुसतं बघतंय आणि कोण पाळत ठेवतंय, हे मला लगेच कळतं. मायदेव पाळत ठेवणाऱ्यांपैकी. सहकारनगरात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची वाचनालयाची खोली आहे. तिथे दाराजवळच्या खुर्चीत हे गृहस्थ वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसतात आणि पान काही उलटत नाहीत.

खोलीत सभासदांसाठी एक संगणक आहे. कोणी त्यावर वीजबिल भरतं, कोणी स्तोत्र छापून घेतं. त्याची सगळी व्यवस्था मायदेवांकडे. निवृत्तीपूर्वी ते एका महाविद्यालयाच्या कार्यालयात मुख्य लिपिक होते आणि तिथला सूचनाफलक त्यांच्या ताब्यात होता. त्या काचेच्या कपाटाची किल्ली म्हणे ते जानव्याला अडकवून हिंडायचे. निवृत्तीबरोबर किल्ली गेली, पण हात शिवशिवायचे काही थांबले नाहीत. संगणक सुरू केला की पासवर्ड टाकायच्या आधी पडद्यावर आपल्याला हवी ती सूचना दाखवता येते, हे त्यांना कळलं आणि त्यांचा फलक त्यांना परत मिळाला. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, खाली 'ठीक आहे' असं बटण. ते दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. म्हणजे आधी कबुली द्यायची, मग आत शिरायचं.

पहिली सूचना होती, 'हा संगणक सर्वांचा आहे. म्हणजेच आपल्या एकट्याचा नाही.' पुढे, 'कळफलक म्हणजे जेवणाचे ताट नव्हे.' एकदा तर, 'स्तोत्राची एकच प्रत छापावी. देवाला तेवढी पुरते.' नाव मात्र कधीच नाही. मी एकदा कारण विचारलं.

"नाव घातलं की एकच माणूस सुधारतो, परचुरेबाई," ते म्हणाले. "न घातलं की सगळे."

खोटं कशाला बोलू, मला हे आवडायचं. दुसऱ्यांवर लिहिलेलं वाचायला कोणाला आवडत नाही?

मग उन्हाळ्यात एके दिवशी पडद्यावर आलं, 'शनिवारी दुपारी येथे काय चालते, ते समजले आहे. संबंधितांनी वेळीच थांबावे.'

शनिवारी दुपारी तिथे काय चालतं, हे मला ठाऊक होतं. शनिवारी दुपारी तिथे कुसुमताई भागवत येतात.

कुसुमताई माझ्या समोरच्या घरात राहतात. त्यांचा मुलगा आमोद इंग्लंडात असतो. त्याने तिकडेच कायमचं राहायचं ठरवलं आणि ते त्याच्या वडिलांना, दिगंबररावांना, कुणाच्याशा लग्नाच्या पंगतीत तिसऱ्याच माणसाकडून कळलं. त्या दिवसापासून घरात आमोदचं नाव घ्यायचं नाही. 'त्याच्याशी बोलणाऱ्याने माझ्याशी बोलू नये,' असं त्यांनी बायकोला सांगितलं. घरात मोठ्या पडद्याचा फोन एकच, तोही दिगंबररावांच्या खिशात. कुसुमताईंच्या हातात बटणांचा. म्हणून शनिवारी दिगंबरराव जेवून आडवे झाले की त्या वाचनालयात यायच्या, खालच्या रखवालदाराकडून किल्ली घ्यायच्या आणि कानाला हेडफोन लावून नातीसमोर बसायच्या. नात ऋचा, नुकती शाळेत जायला लागलेली. तिला 'ळ' म्हणता येत नव्हता. आजी तिच्याकडून कमळ, फळ, बाळ म्हणवून घ्यायची आणि पोरगी दर वेळी कमल म्हणून खिदळायची. हे सगळं फक्त मला माहीत होतं. आणि मायदेव रोज सकाळी तळजाईच्या टेकडीवर फिरायला कोणाबरोबर जातात? दिगंबररावांबरोबर.

त्या सूचनेने खोलीची हवाच पालटली. जो तो दुसऱ्याकडे चोरून बघायला लागला. कोणी संगणकावरून उठलं की मागचा माणूस पडद्याकडे अशी मान लांब करायचा की विचारू नका. महिपतराव म्हणून एक सभासद आहेत, मूळचे वाघोलीकडचे, आता इथे लेकीकडे राहतात. ते मायदेवांपुढे हात जोडून उभे राहिलेले मी पाहिले.

"मायदेवसाहेब, मीच हाय तो. बैलगाड्यांच्या शर्यती बघतो मी त्याच्यावर. जावईबापूंना तेवढं सांगू नका."

मायदेव गंभीरपणे म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." वर्तमानपत्राआड त्यांचा चेहरा कसा खुलला असेल, ते मला न बघताही दिसलं.

कुसुमताई मात्र यायच्या थांबल्या. मी त्यांच्या दारात गेले, तर कुजबुजत म्हणाल्या, "अनंतरावांना कळलंय. आज नाही तर उद्या ते यांच्या कानावर घालतील. नको गं बाई. या वयात घरात अबोला नाही सोसायचा मला."

"आणि ऋचा?"

त्या म्हणाल्या, "बसत असेल पडद्यासमोर. आमोदला कळवायचं तरी कसं? माझ्या फोनवरून तिकडे लागत नाही." आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. मला मायदेवांचा इतका संताप आला की मी चपला सरकवल्या आणि तडक वाचनालय गाठलं.

"त्या सूचनेतला माणूस कोण?" मी विचारलं.

"ज्याला लागली तो."

"अहो, आडून नका बोलू. आपल्याला खरंच काही समजलंय का?"

त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, इकडेतिकडे पाहिलं, मला संगणकामागे नेलं आणि भिंतीतला प्लग दाखवला. तो काळवंडला होता. खाली फरशीवर चौकोनी डाग.

"कोणीतरी विजेच्या स्कूटरची बॅटरी वर आणून चार्ज करतंय. शनिवारी दुपारी मी इथे नसतो, आणि रविवारी सकाळी यावं तर यूपीएस बंद. कोण ते समजलेलं नाही. म्हणून तर 'समजले आहे' असं लिहिलं. कार्यालयात हमखास लागू पडायचं. चोर आपणहून येतो."

"आला?"

"बाकीचे सगळे आले," ते हिरमुसून म्हणाले. "तो सोडून."

हसावं की यांच्या डोक्यात तो यूपीएस घालावा, मला कळेना. मी म्हटलं, "तुमच्या या सूचनेमुळे एका माणसाने इथे येणं सोडलंय. त्या माणसाचा काही गुन्हा नाही."

मायदेवांचे डोळे बारीक झाले. "म्हणजे आपणच?"

"माझ्याकडे स्कूटर आहे का?"

"नाही. पण ज्यांच्याकडे आहे, त्यांना आपण ओळखत असाल."

वा! चोर शोधता शोधता माझ्यावरच शेकलं. मी काही बोलणार, एवढ्यात त्यांची नजर खुंटीवर लटकलेल्या हेडफोनकडे गेली. त्यावर धूळ बसली होती. ते थोडा वेळ तिकडे बघत राहिले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "कुसुमताई अलीकडे दिसल्या नाहीत."

"गुडघा धरलाय त्यांचा," मी ठोकून दिलं.

"असं? दिगंबर सकाळीच म्हणाला, ठणठणीत आहे."

मी तशीच घरी आले. मदत करायला गेले आणि मीच कुसुमताईंचा माग लावून दिला, या विचाराने मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत उभी राहून बघते तर मायदेव आणि दिगंबरराव तळजाईवरून परत येत होते. मायदेव काहीतरी सांगत होते आणि दिगंबरराव मान हलवत होते. संपलं सगळं, असं मला वाटलं. मी दिवसभर समोरच्या दाराला कान लावून होते, पण आत नुसती कुकरची शिट्टी झाली.

शनिवारी दुपारी दिगंबरराव आडवे झालेच नाहीत. बुद्धिबळाचा पट काखेत मारून ते मायदेवांकडे निघाले. "अनंताने डाव ठरवलाय," एवढंच ते कुसुमताईंना म्हणाले. जिना उतरताना मला म्हणाले, "संध्याकाळपर्यंत सोडणार नाही म्हणतो."

मी तशीच कुसुमताईंचा हात धरला. त्या नको नको म्हणत होत्या. मी त्यांना अक्षरशः ओढत वाचनालयात नेलं आणि संगणक सुरू केला. निळा पडदा आला. त्यावर लिहिलं होतं:

'शनिवार दुपारची सूचना अनंत मायदेव यांच्यासंबंधी होती. ते आता थांबले आहेत. इतरांनी आपले काम चालू ठेवावे.'

कुसुमताईंनी ते वाचलं, मग पुन्हा वाचलं. "अनंतरावच? ते काय करत होते?"

"मला काय माहीत," मी म्हटलं.

त्यांनी 'ठीक आहे' दाबलं. हेडफोन पुसून कानाला लावले. पलीकडे रिंग वाजत राहिली आणि मग पडद्यावर एक लहान तोंड आलं, अगदी काचेला नाक लावून. हेडफोनमधूनही मला ऐकू आलं, इतक्या मोठ्याने ते म्हणालं, "आजी, तू का नाही आलीस? ऐक ना. कमळ. फळ. बाळ."

कुसुमताई नुसत्या मान हलवत राहिल्या. मी दार ओढून घेऊन बाहेर जिन्यात बसले.

ती सूचना अजून पडद्यावर आहे. बॅटरीवाला काही सापडला नाही. मायदेव दाराजवळच्या खुर्चीत बसतात, आणि आता खोलीतले सगळे त्यांच्याकडे चोरून बघतात. दोन बायकांनी खुर्च्या लांब ओढून घेतल्या. परवा महिपतरावांनी मला जिन्यात गाठलं.

"बाई, एवढा शहाणा माणूस, शनिवारी दुपारी करत तरी काय होता हो?"

मी म्हटलं, "बुद्धिबळ खेळतात."

त्यांचा विश्वास बसला नाही.